एका धोतराएवढी मोटार

मोटार मी घासाघीस करून घेतली, यात लपवण्यासारखं काही नाही. शहाद्याजवळच्या एका मोठ्या बागायतदाराने नवी मोटार आणली आणि जुनी गोठ्याशेजारी उभी केली. तीन दिवस मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी टपाला भोक असल्याचं दाखवलं, दुसऱ्या दिवशी एका दिव्याची काच फुटलेली दाखवली. तिसऱ्या दिवशी काहीच बोललो नाही, नुसता चहा पीत राहिलो. तेव्हा तो कंटाळून म्हणाला, “घेऊन जा बाबा.” खांद्यावर तराजू टाकून गावोगाव पायी कापूस विकत घेत फिरलेला माणूस मी. मला कोणी काही आयतं दिलेलं नाही, त्यामुळे कोणी मागेल तो भाव देण्याची सवयही मला नाही. ही मोठ्या लढाईच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट आहे.

मोटार काळी होती. दिव्यांच्या कडा पितळी, चाकांवरचे पत्रे रुंद. चालवायला मी माझ्या मोकळ्या वावरात शिकलो. एक बांध आणि एक बाभूळ एवढंच नुकसान झालं. पण तिच्यावर चिखलाचे थर होते, आणि फाल्गुनात माझ्या भाचीचं लग्न होतं.

या लग्नाचं जरा सांगायला हवं. माझी बहीण तरुणपणीच विधवा झाली. दहा-बारा बिघे जमीन तिने एकटीने कसली आणि मुलीला वाढवलं. सोयरीक तापीकाठच्या जमीनदार घरात जमली. त्या घरातला नवऱ्या मुलाचा आजा बोलणी करताना म्हणाला होता, “बिनबापनी पोर शे, मांडवमां कोन उभं ऱ्हाई?” बहिणीने मान वर करून सांगितलं, “मन्हा भाऊ उभा ऱ्हाई. आनि नवरदेवले येशीपासून मांडवलोंग मोटारमां आनी.” हे तिने मला न विचारता सांगितलं. मला कळलं तेव्हा मी रागावलो आणि मग खूशही झालो. तिचा शब्द आता माझ्या मोटारीवर होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला नवरदेव तिच्यात बसणार, आणि तो म्हातारा बोट लावून बघणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नाला सहा दिवस होते. मी अंगणातल्या विहिरीचं पाणी काढलं, बैल घासायचा काथ्या घेतला, सोडाखार घेतला आणि बाह्या वर केल्या. नेमका त्याच वेळी बागायतदाराचा ड्रायव्हर फाटकापाशी उभा राहिला. पंचविशीचा, पान खाणारा, बघावं तेव्हा गालात हसणारा. मोटारीची राहिलेली पान्हे-पकडींची पिशवी द्यायला आला होता. माझ्या हातातला काथ्या बघून तो म्हणाला, “जिभाऊ, मोटार धोवानं बी शिकनं पडस.”

“बैल मी जनमभर धोयात,” मी म्हणालो. “मोटारले काय शिंगं शेतस?”

“शिंगं नहीत, म्हनीसनच सांगस. त्या काथ्यानं रंग निंघी जाई. धोतरजोडी द्या, सगळं दखाडी देस.”

“जोडी? एक धोतर. लेवानं व्हई तं ले, नही तं चालता व्हय.”

त्याने पानाची पिंक टाकली. मग म्हणाला, “बरं. एक तं एक.”

मी आतून नवी कोरी जोडी आणली. मधले धागे तोडले, एक धोतर त्याच्या हातात दिलं आणि दुसरं खांद्यावर टाकलं. सौदा चांगला झाला असं मला वाटलं. सौदा चांगला झाला असं वाटलं की मी नेहमी जरा जास्त बोलतो. “अर्ध्या भावात शिकवणी!” असं मी बायकोला मोठ्याने ओरडून सांगितलं. त्याने ते ऐकलं असणार.

त्याने शिकवलं ते चांगलं शिकवलं, हे मी नाकारत नाही. मोटार उन्हातून काढून निंबाच्या सावलीत लावायची. चिखल कोरडा घासायचा नाही, आधी पाण्याने फुलू द्यायचा. पाणी टपापासून खाली ओतायचं, खालून वर कधी नाही. कापड मऊ आणि जुनं घ्यायचं, पुन्हा पुन्हा पिळायचं, नाहीतर त्यातला वाळूचा कण रंगावर रेघ ओढतो. चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांचं कापड वेगळं. पितळेला चिंच मी न सांगता लावली, तेव्हा त्यानेही मान डोलावली. दोन तासांत मोटार अशी निघाली की निंबाची पानं तिच्यात दिसायला लागली.

“आते जवसनं तेल लावा,” पिशवी फाटकाला टांगता टांगता तो म्हणाला. “दखा कशी चमकस ती.”

आणि गेला. पुढे एक शब्द नाही.

आता मला सांगा, आमच्याकडच्या माणसाला कोणी ‘जवसाचं तेल लाव’ म्हणून सांगितलं तर तो काय करील? पोळ्याला आम्ही बैलांची शिंगं तासून त्यांना हेच तेल चोळतो. गाडीच्या जू-धुऱ्यांना हेच तेल पाजतो, उन्हात ठेवतो, लाकडाने पोटभर प्यावं म्हणून. मी तेच केलं. बाटली संपेपर्यंत तेल चोळलं. बॉनेटला चोळलं, दारांना चोळलं, चाकांवरच्या पत्र्यांना चोळलं, आणि मुरावं म्हणून मोटार सावलीतून काढून भर उन्हात उभी केली. बायको ओसरीवरून बघत होती.

“हाई मोटार शे का पोळाना बैल?” ती म्हणाली. “बेगड बी लावी द्या.”

मी तिला घरात जायला सांगितलं.

माझं घर कापसाच्या वखारीला लागून. हंगाम सरत आलेला, पण वखारीत ढीग होतेच, आणि रुई-सरकी वेगळी करणारं गावातलं जीन चालू होतं. दुपारी वारा सुटला. मी जेवून बाहेर आलो तर माझी काळी मोटार पांढरी झाली होती. रुईचा तंतू न् तंतू तिच्यावर येऊन बसला होता, वर रस्त्याची धूळ. हात लावला तर हाताला चिकट ओढ लागली, गुळाच्या काहिलीत बोट घातल्यासारखी.

“आते तिले थंडी लागाव नही,” बायको म्हणाली. “गोधडी पांघरी बठनी शे.”

मी खांद्यावरचं उरलेलं धोतर घेऊन पुसायला लागलो. धोतराचेच धागे निघून चिकटले. मग मला वाटलं, तेलकट भांडं राखेने निघतं, तर हेही निघेल. बॉनेटच्या एका बाजूला राख घासली. तेल निघालं नाही. राखाडी चिखल झाला, आणि खालचा रंग तेवढ्या जागी मेला. तिथेच हात थांबवला. तो दिवस गेल्यातच जमा होता; लग्नाला पाच दिवस राहिले होते. त्या म्हाताऱ्याचं बोट मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आणि बोटाला चिकटलेली रुईही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी धोतरजोडी काखेत मारून बागायतदाराच्या वाडीवर गेलो. ड्रायव्हर नवी मोटार पुसत होता. त्याने वर न बघता विचारलं, “काय जिभाऊ, तेल पचनं का?”

मला आधी कळलं नाही, मग कळलं. याला ठाऊक होतं. मी जन्मात इतका चिडलो नव्हतो.

“तेल लायीसन पुसी टाकनं पडस, हाई का सांगं नही?”

“एक धोतरनं ज्ञान एक धोतरइतलंच,” तो म्हणाला. “दुसरं धोतर तुमनाजोडे ऱ्हायनं, त्यानासंगे पुसानं बी ऱ्हायनं.”

“अरे, भाव कमी कर म्हननं हाई मन्हं काम शे. तुले परवडाव नही तं नही म्हन! पन हो म्हनना तं माप पुरं देनं पडस. तू माप मारं!”

इथे त्याने फडकं खाली ठेवलं. हसणं गेलं होतं.

“माप? ब्राह्मणपुरीहून एक म्हतारा तुमनाकडे कापूस लिसन येस. डोळाले कमी दखास त्याले. वळखतस?”

मी ओळखत होतो. बिनतक्रार माणूस, गाडी सोडायचा, मोजून घ्यायचा, राम राम करून जायचा.

“तो मन्हा बाप शे. दर मणले तुम्ही त्याना कडता कापतस.”

कडता म्हणजे काय हे कापसाच्या व्यापारात नसलेल्यांना सांगतो. कापसात ओल असते, सरकीबरोबर माती-पाचोळा असतो. म्हणून प्रत्येक मणामागे काही शेर वजनातून सोडून द्यायचे. ही रीत माझ्या आधीपासूनची. मापाडी ती ओरडून सांगतो, सगळ्यांच्या कानावर पडते. मी त्याला तेच म्हणालो, “कडता बठ्ठासना कापतस. बाजारनी रीत शे ती.”

“बापना कापूस वाळेल ऱ्हास. तरी कापतस. मंग मीबी कडताच लिधा. ओला कापूसना तुमना, ओला तेलना मन्हा.”

मी पुढे केलेली धोतरजोडी त्याने घेतली नाही. त्याला दुसरंच हवं होतं. “फरदड येवानी बाकी शे. मन्हा बापना गाडीले कडता लावानं नही.”

फरदड म्हणजे शेवटची वेचणी. त्यात तर कचरा जास्तच. मी म्हणालो, “अर्धा कडता.”

“मंग अर्धी मोटार पुसस,” तो म्हणाला. “कोनती बाजू पुसू, नवरदेवनी का नवरीनी?”

मी पाठ फिरवली, फाटकापर्यंत गेलो. नेहमी समोरचा हाक मारतो. याने मारली नाही. नव्या मोटारीचा दिवा पुसत बसला. शेवटी मीच वळलो, आयुष्यात पहिल्यांदा. एवढंच म्हणालो, “पन कोनले सांगानं नही.”

“मी नही सांगाव.”

तो आला. चिंधीवर घासलेट घेऊन वीतभर जागा ओली करायची, तेल सैल झालं की पुसायची, मग पुढची वीत. चिंधी काळी झाली की फेकायची. दोन दिवस आम्ही दोघे पाठीला पाठ लावून हेच करत होतो. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी. शेवटी त्याने जवसाच्या तेलाचे चार थेंब टर्पेंटाइनमध्ये मिसळून चिंधीला लावले आणि कोरड्या कापडाने इतका वेळ चोळलं की कापड बर्फावरून सरकावं तसं सरकायला लागलं. “चार थेंब, जिभाऊ,” तो म्हणाला, “बाटली नही.” याला शिकवणी म्हणतात. ही त्याने पहिल्याच दिवशी दिली असती तर?

लग्नाच्या दिवशी मोटार वेशीवर उभी केली. राखेने मेलेली बॉनेटची बाजू मारुतीच्या भिंतीकडे ठेवली. नवरदेवाचा आजा आला. अपेक्षेप्रमाणे त्याने चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं आणि धोतराला न पुसताच खाली घेतलं. “बसा रे,” एवढंच तो म्हणाला. मांडवाच्या दारात बहीण उभी होती. मोटार थांबली तेव्हा तिने पदर डोक्यावर नीट केला आणि सगळ्यांच्या पुढे आली. त्या एका क्षणासाठी मी खूप काही दिलं असतं. दिलंच होतं म्हणा.

पंधरा दिवसांनी ब्राह्मणपुरीच्या म्हाताऱ्याची फरदडीची गाडी आली. मागे आणखी गाड्यांची रांग. मी मापाड्याच्या कानात सांगितलं, याला कडता नको. मापाड्याने वजन केलं आणि नुसतंच वजन ओरडून सांगितलं. म्हातारा थांबला. मुलाने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तेवढा शब्द त्याने पाळला होता. पण म्हातारा सरळ माणूस. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “शेठ, मापाडी कडता इसरना का?”

रांगेतले गाडीवान माझ्याकडे बघायला लागले. मीही ड्रायव्हरला शब्द दिला होता. मी म्हणालो, “नही बाबा. तुमले नही.”

“मंग आमना कापूस काय पानीमातून काढेल शे?” मागचा गाडीवान ओरडला. त्याच्याही मागचा गाडीवान आपले बैल सोडून पुढे आला. मी आरडाओरडा केला, परत जा म्हणालो, शहाद्यात व्यापारी काय मी एकटाच आहे का म्हणालो. ते हसले. दिवेलागणीपर्यंत त्या आवारात मला एकाही गाडीचा कडता कापता आला नाही. एक मोटार धुतली आणि बापजाद्यांपासून चालत आलेली रीत गेली.

बहीण नंतर माहेरपणाला आली तेव्हा हे सगळं मी तिला सांगितलं. तिच्या शब्दासाठी मला काय सोसावं लागलं, हे तिला कळावं असं मला वाटलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “दादा, आमना कापूसबी तूच मोजस ना?”

“हां.”

“त्यानाबी कडता लागस?”

“बठ्ठासले लागस,” मी म्हणालो. “रीत शे.”

तांदळातला एक खडा उचलून तिने ओसरीखाली टाकला आणि निवडत राहिली. मला वाटलं, आता ती भांडेल. भांडली असती तर माझ्याकडे उत्तरं होती. उपकार करावेत आणि वर जाब द्यावा, हा कुठला न्याय?

पुढच्या हंगामात तिची गाडी आली. मापाड्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. त्या ड्रायव्हरला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.