ट्रकखालचा बाप

पांढरकवड्याला हायवेवर संघदीप मिस्त्रीचं गॅरेज आहे. गावातल्या आशा सेविका कहकशांताई दिसल्या की मिस्त्री ट्रकखाली सरकतो. बाहेर उरतात दोन पाय. ताई आता पायांशीच बोलतात.

"भाऊ, पोरगी दहा महिन्यांची झाली. गोवरची सुई राह्यली."

"चालू इंजिन मी खोलत नाही," पाय म्हणाले. "पोरगी माही, मर्जी माही."

"मर्जी तुमचीच. पण शेजारच्या गुलनारचं बाळ दोन महिन्यांचं. त्याले ही सुई इतक्यात देता येत नाही, अन् तुमची पोरगी दिवसभर त्याचे गाल चाटून राह्यली. तिच्यापासून त्याले गोवर झाला तं? त्याची मर्जी कोणाले विचारू?"

पायांनी एका अंगठ्यानं दुसरा खाजवला.

"तिले दुखते ना, ताई."

"तिले का तुमाले?"

"मलेच. सुई पाह्यली का चक्कर येते."

"मंग डोये मिटून या."

मिस्त्री पोरीला घेऊन दवाखान्यात आला. ती जराशी रडली आणि सिस्टरच्या पेनाशी खेळायला लागली. सुईनंतर लेकराला अर्धा तास थांबवतात. त्या दिवशी त्याहून जास्त थांबावं लागलं, कारण बाप बाकावरून उठेचना.