टेबल वाजवताना

पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवताना इरफानची नजर माझ्या संधिवाताने वाकलेल्या बोटांवर थबकली. त्याला आणि मीनलला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळालीय. दोघंही माझे जुने विद्यार्थी.

जर्मन विद्यापीठांत व्याख्यान संपलं की टाळ्या पिटत नाहीत, बोटं मुडपून बाक वाजवतात. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या जर्मनच्या वर्गातही कौतुक असंच व्हायचं. शेजारच्या वर्गातले सर विचारायचे, "बाई, सुतारकाम शिकवता का?" पण परकी भाषा म्हणजे नुसते शब्द नव्हेत. तिच्या रीतीने आनंद करता आला, की ती आपली होते.

"बाई, आज टाळ्याच चालतील," इरफान हळूच म्हणाला.

"गप्प बस!" म्हटलं आणि कपबशा हलेपर्यंत टेबल वाजवलं. बोटं ठणकली. ठणकू देत. सोमवारपासून घरीच नवा वर्ग सुरू करतेय. टेबल भक्कम आहे.