तम्मा, उठतोस का?

कुणाचे चित्र शब्दांत रेखाटावे एवढा माझा अधिकार नाही. आयुष्यभर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर प्रथमच असे काही लिहीत आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

उमरग्यात माझ्या घरासमोर एका वयस्क गृहस्थांचे दह्याचे दुकान होते. उकिडवे बसून मडक्यांना विरजण लावून झाले, की ते उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवीत आणि विचारीत, "तम्मा, उठतोस का?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. गुडघा कटकन वाजे. "व्हय म्हनला," असे सांगून ते उठत. पत्नी वारलेली, मुलगी पुण्यात. त्यांना उत्तर देणारे घरात दुसरे कोणी नव्हते. माझ्याही घरात नव्हते, म्हणून मी रोज दही आणायला जाई.

एकदा दुधाच्या कॅनसकट ते घसरले आणि गुडघ्यातली कूर्चेची गादी एका जागी उखडली. खाली बसणे बंद, म्हणजे दुकान बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडातून मूलपेशी काढून घेतल्या. प्रयोगशाळेत त्यांपासून कूर्चा वाढवून ती गुडघ्यात बसवायची होती. तोवर ते उमरग्याला परतले.

मी भेटायला गेलो, तर दार लोटलेले, गुडघ्यावर गोधडी, पंखासुद्धा बंद.

"हळू, सर. खुर्ची वढू नगा."

"का हो?"

"तिकडं पुन्यात माझं विरजण लागायलंय. हललं की पानी सुटतंय."

त्या पेशी तिथे, तुम्ही इथे. तुमच्या हलण्याने त्यांचे काही बिघडत नाही, असे मी समजावून सांगितले.

"शिकवून शिकवून थकलाव तुमी, सर. पर दही कदी लावलंय का?"

लावले नव्हते. मी खुर्ची अलगद उचलून ठेवली आणि बराच वेळ त्यांच्याबरोबर निश्चल बसून राहिलो.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली, कूर्चा धरली. काही महिन्यांनी ते आले, ते दुकान आवरायलाच. चाल सरळ झाली होती. परंतु उकिडवे बसायला डॉक्टरांची मनाई होती आणि एकटे राहायला मुलीची.

"गादी नवी हाय, जपा म्हनत्यात," ते हसले. "बसायचंच न्हाय तर गादी कशाला, सांगा की!"

निघताना सवयीने त्यांचा तळहात गुडघ्यावर गेला. त्यांनी वाट पाहिली. काहीच वाजले नाही. "लई शाना झाला," एवढेच म्हणून त्यांनी विरजणाची वाटी माझ्या हाती दिली.

समोरचे शटर आता खालीच असते. मी घरी दही लावतो, आणि ते लागेपर्यंत पाऊल न वाजवता वावरतो. तुम्हांला काय वाटते, बऱ्या झालेल्या गुडघ्याशी ते अजून बोलत असतील का?