हाळीअक्का अध्यक्ष झाली तेव्हा

हाळीअक्काला हळू बोलता येत नसे. कानात सांगायची गोष्टसुद्धा ती अशी सांगे, की पलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायका माना वर करून विचारीत, "मग गं? पुढं काय झालं?" दुरून मोठ्याने हाक मारण्याला आमच्याकडे हाळी म्हणतात. सकाळी मजुरीच्या बायका गोळा करायला ती वस्तीच्या तोंडाशी उभी राहून जी हाळी देई, ती हुमनाबादच्या हायवेवरच्या ढाब्यांपर्यंत ऐकू जाते असं लोक म्हणत. खरं नाव काशीबाई, पण ते रेशनकार्डापुरतं. "देवानं जमीन दिली न्हाई, आवाज दिला," ती म्हणे. "मग जे दिलं त्येच वापरायले."

मी उदगीरची. लग्न होऊन राजेश्वरच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा मला कानडीचं अक्षर येत नव्हतं. घरात मराठीच, पण पाहुणे, बाजार, लग्नकार्य सगळं अर्धं कानडीत. सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, तुरीची आडत होती, शेती होती आणि पंचायत तर जणू आमच्या ओसरीवरच भरे. सगळी माणसं सारखी, असं आमच्या घरात रोज सकाळच्या पूजेत म्हटलं जाई, आणि त्याच वेळी हाळीअक्का ओट्याच्या खाली उभी राहून "वैनी, आज कोणत्या पट्टीत जायचं?" म्हणून विचारत असे. ती वस्तीतली, आम्ही ओट्यावरचे. मजुरांना भाकरी आणि पाणी पोचवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या निमित्ताने मी शेतात जाऊ लागले, म्हणून आमची ओळख झाली.

कानडी शिकवायचं तिने आपणहून अंगावर घेतलं. तुरीच्या ओळीतून पुढे सरकता सरकता एकेक शब्द सांगे, मी म्हणून दाखवी. एकदा म्हणाली, "जेवाय बसलीस आन् आणखी पायजे असलं, तर म्हणायचं, बेडा." पुढच्याच आठवड्यात कलबुर्गीला नात्यातलं लग्न होतं. वाढपी आला की मी गोड हसून "बेडा, बेडा" म्हणे आणि तो पुढे जाई. होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, गेली, भात गेला, सार गेलं. बेडा म्हणजे नको, हे मला परतीच्या गाडीत नवऱ्याने सांगितलं. हसून हसून त्याला गाडी थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत शेतात गेले. अक्का मला बघूनच बांधावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग डोळे पुसून तिने आपलं फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली, त्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि पुढे केली. "खा. उपाशी आलीस न्हवं तिथून?" मी खाल्ली. तिथे बघायला कोणी नव्हतं. त्या दिवसापासून शेतात मी तिची "सुमन" झाले आणि ओट्यापाशी "वैनी" राहिले. या दोन नावांत तिने कधी गोंधळ केला नाही. मला मात्र ओट्यावर उभं राहून वैनी ऐकायला दर वेळी अवघड वाटे. तिला तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तुला घरात राहायचंय. आपलं बोलणं शेतात हाय की."

पंचायतीची निवडणूक आली. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. वस्तीच्या वॉर्डातून अक्का निवडून आली. तिने प्रचार केलाच नाही, नुसत्या हाळ्या दिल्या. सभेत मी भावजी दाखवतील तिथे सही करी. भावजी म्हणजे माझे मोठे दीर, स्वतःही सदस्य, आडतीचे आणि राजकारणाचे मालक. अक्का मात्र प्रत्येक कागदाला "ह्यात काय लिवलंय?" म्हणून विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत अंगठा सोडा, पेनही हातात घेत नसे. ती सही करायला शिकली होती, पण आपली सही तिला फार महाग वाटे.

मग ते वर्ष आलं. राज्यात सरकार बदललं आणि तालुक्यातल्या पंचायती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या हलू लागल्या. कालचे या बाजूचे आज त्या बाजूला. आमच्याकडे मुदतीच्या मध्यावर अध्यक्ष बदलतो. नवीन आरक्षण निघालं आणि अध्यक्षपद दलित बाईला आलं. अशा सदस्य दोनच होत्या. एक अक्का आणि दुसरी विरोधी गटातली मालनबाई. भावजींनी अक्काला ओट्याच्या वर बोलावून खुर्ची दिली. ती बसली, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना लांब नेऊन ठेवायची पद्धत आमच्याकडेही पोचली होती. एका सकाळी आमच्या गटाचे सगळे सदस्य, त्यांत मी आणि अक्का, एका टेम्पोट्रॅव्हलरमध्ये बसलो आणि हैदराबादच्या अलीकडे, हायवेजवळच्या एका लॉजवर गेलो. भावजींनी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले. बायका आम्ही दोघीच, म्हणून आम्हाला एक खोली. अक्काने खोलीतला प्रत्येक नळ सोडून बघितला. पलंगावर उताणी पडून छताच्या पंख्याकडे बघत ओरडली, "सुमन! आपल्याला पळवून आणलंय का पाव्हणं म्हणून आणलंय?" लॉजला पोहण्याचा हौद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष वर नाश्त्याला बसलेले असताना आम्ही नऊवारीचा आणि सहावारीचा काचा मारून त्यात उतरलो. ती एवढी ओरडली, की मॅनेजर काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, कोणी बुडालं. जेवायला आम्ही एकाच टेबलावर बसलो, एकाच ताटलीतली भजी खाल्ली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार माणसांसमोर तिने मला "सुमन, मीठ दे की" म्हटलं. भावजींचा घास हातातच राहिला.

त्याच जेवणात ते म्हणाले, "अक्का, तू फकस्त सही करायची. बाकी मी बघतो. आन् पैला ठराव, वस्तीकडची रस्त्याची मोकळी जागा. तिथं वजनकाटा घालायचाय मला."

अक्काने ताट पुढे सारलं. "ती मोकळी न्हाई, भावजी. आमची माणसं पुरलेली हाईत तितं. माझा सासरा हाय, माझं पैलं लेकरू हाय."

"दुसरीकडं जागा देतो की."

"त्येंना कोण उठवून नेणार?" ती म्हणाली. आणि ही एक गोष्ट ती खरोखर हळू बोलली.

भावजी हसले, विषय बदलला. पण दुपारी जिन्याखाली ते फोनवर बोलत होते आणि मी पाण्याची बाटली घ्यायला उतरत होते. "मालनला करू अध्यक्ष, जागेचं तेवढं पक्कं करा," ते विरोधी गटाच्या म्होरक्याला सांगत होते. "हिला हितंच ठेवतो. उद्या हिची गाडी बिघडली म्हणायचं. मत व्हईस्तोवर पोचत न्हाई." बाटली राहिली तिथेच. मग मी वर पळाले.

अक्काने ऐकून घेतलं. एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मग लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, "मी जायले. तू ऱ्हा. तुझं घर हाय त्ये."

"तुला कानडी बोलता येतंय, तेलगू येतंय का?"

"तुला कुठं येतंय?"

"मग दोघी चुकू," मी म्हणाले.

जेवून सगळे आडवे झाले होते. भावजींचा ड्रायव्हर फाटकाशी बसला होता. त्याला अक्का म्हणाली, "बांगड्या भरून येताव रं." आणि मान वर करून चालू लागली. मी तिच्या मागे. फाटक ओलांडल्यावर आम्ही ज्या पळालो, तशी मी शाळेतसुद्धा पळाले नव्हते. चप्पल तुटली, ती मी हातात घेतली. हायवेवर पोचलो तर हुमनाबादची बस थांब्यावरून सुटून पुढे निघालेली. मी मटकन खाली बसले. अक्का रस्त्याच्या कडेला उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली. ट्रकांच्या आवाजावरून ती हाळी गेली. बस थांबली. कंडक्टर दारातून वाकून बघत होता, की अपघात कुठे झाला. आत बसल्यावर आम्ही दोघी जहीराबादपर्यंत हसत होतो. मागचा एक म्हातारा विचारत होता, "लग्नाला गेलतात काय बाई?" अक्का म्हणाली, "न्हाई बाबा. लग्न मोडून आलाव."

घरी जाणं शक्यच नव्हतं. मी वस्तीत, अक्काच्या घरी उतरले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दारातून मी पहिल्यांदा आत जात होते. बायका गोळा झाल्या. कोणी दूध आणलं, कोणी माझ्या टाचेला हळद लावली, आणि प्रत्येकीला अक्काने सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. दर खेपेला आम्ही जास्त पळत होतो. दिवेलागणीला माझा नवरा दारात येऊन उभा राहिला. भावासमोर कधी तोंड न उघडणारा माणूस. बायका बाजूला सरकल्या. त्याने एक पिशवी पुढे केली. तिच्यात माझी धुतलेली साडी, दुसरी चप्पल आणि माझं ओळखपत्र होतं. "सकाळी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "दोघी तयार राहा." तो गेल्यावर अक्का म्हणाली, "सुमन, नवरा बरा हाय गं तुझा. आधी कामून न्हाई सांगितलीस?" मलाही ते त्याच दिवशी कळत होतं.

पंचायतीच्या दारात पोलीस होते. भावजी आणि बाकीचे सदस्य पहाटेच परतले होते. आम्हाला गाडीतून उतरताना बघून भावजींचा चेहरा असा झाला, की मी पदर तोंडाला लावला. चिठ्ठ्यांनी मतदान झालं. आमच्या गटातल्या कोणाकोणाला ती जागेची गोष्ट रुचली नव्हती, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. मोजून झालं आणि अधिकाऱ्याने नाव वाचलं. काशीबाई, एका मताने.

वस्तीतल्या बायका बाहेर शिट्ट्या मारत होत्या. आत भावजी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "कोण? कोण फुटलं?" अक्काने माझा हात टेबलाखाली घट्ट दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. पण माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. मी उभी राहिले. "मी दिलं, भावजी. आन् फुटले न्हाई. ज्याला द्यायचं त्यालाच दिलं."

बाहेर आल्यावर गुलाल उधळायच्या आधी अक्काने मला बाजूला ओढलं आणि खरोखर चिडली. "येडी हाईस का? पळालीस त्ये माझ्यावर ढकललं असतंस, मताची तर चिठ्ठी होती न्हवं? कोनाला कळणार व्हतं? आता घरात कशी राहशील?" आणि बोलता बोलताच तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. गुलाल आमच्या दोघींवर एकदमच पडला.

घरात माझ्याशी काही दिवस कोणी बोलत नव्हतं. मग वाटणी झाली. आम्हाला रस्त्याकडचं जुनं गोदाम आलं. सामान न्यायच्या दिवशी भाऊबंदांपैकी कोणी फिरकलं नाही. अध्यक्षीण बाई मात्र कार्यालयाला कुलूप लावून वस्तीतल्या बायका घेऊन आली आणि माझं कपाट डोक्यावर घेऊन गावाच्या मधल्या रस्त्याने गेली. "बाजू व्हा! अध्यक्षाची गाडी येऊ लागलीय!" अशी हाळी देत. गोदामात पहिला चहा तिनेच केला. साखर जास्त झाली होती.

अध्यक्ष म्हणून तिने काय केलं? त्या जागेला तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक बसवलं. वस्तीत नळ आणला. सभेत मोठ्याने भांडली, दोनदा चुकली, एकदा माफीही मागितली. मुदत संपली त्या दिवशी खुर्ची हाताने पुसून बाहेर आली आणि म्हणाली, "चल, पाठ लई दुखायलीय. मऊ गादीची सवय न्हाई."

तिची लेक हैदराबादला नर्स झाली आणि गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन गेली. हुमनाबादच्या बसस्टँडवर मी पोचवायला गेले होते. मी रडत होते. ती खिडकीतून केळीवाल्याशी भांडत होती. बस हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "ये की तिकडं. हौद हाय म्हणे जवळ."

घरी येऊन मी नुसती बसून होते. घर फार शांत वाटत होतं. इतक्यात वस्तीतल्या चार बायका दारात आल्या. पाण्याची मोटर जळाली होती, पंचायतीत कोणी ऐकत नव्हतं.

"मग माझ्याकडं कामून आलाव?" मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. "अक्कानं सांगितलंय की. आता काई असलं तर सुमनकडं जायचं. तुमाला म्हाईत न्हाई?"

मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून चालत्या बसचा गोंगाट आणि त्याच्यावरून तिचं हसू. "आगं, बस निघताना सांगावं म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "तर त्यो केळीवाला मधी आला. जा लवकर, पाच वाजता कुलूप घालतेत त्ये लोक."

मी चपला घातल्या.