कच्चा डोंगर

"हे कुणी लिहिलंय?" मॅडमनी माझी पाठ-नियोजनाची टाचणवही दोन बोटांत धरून वर केली.

रोह्याच्या शाळेचा हॉल. आमच्या संस्थेच्या दोन इंग्रजी शाळा, एक पेणला, एक रोह्याला. दोन्हीकडचे शिक्षक महिन्याच्या नियोजनाला बसलेले. मॅडम इंग्रजी विषयाच्या प्रमुख. वहीवर माझं नाव होतं आणि ते त्यांना दिसत होतं. तरी विचारलं.

मी उभी राहिले.

सातवीचा पाठ होता, सर्जनशील लेखनाचा. मी लिहिलं होतं की पहिली दहा मिनिटं मुलांनी जोडीजोडीने घरच्या भाषेत बोलायचं. घरी काल काय काम चाललं होतं ते एकमेकांना सांगायचं. अडेल तिथे इंग्रजी शब्द मी फळ्यावर देणार. मग लिहायचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी इंग्रजी पुस्तकाबाहेर भेटतच नाही. ती बोलली तरच लिहितील, हे मला बारा वर्षं शिकवून कळलेलं. या एका पाठासाठी आठवडाभर डोकं खपवलं होतं.

मॅडमनी तो मोठ्यांदा वाचला. माझे हेल काढून. मग म्हणाल्या, "अगं, घरच्या भाषेत म्हणजे काय? नाय, व्हय, हाय? तेच विसरायला पालक इथे पाठवतात ना? तू मुलांना इंग्लिश शिकवणार आहेस की मिठागरावर नेणार आहेस?"

हॉल हसला.

बाकी सगळ्यांशी त्या अहो-जाहोने बोलतात. मला अगं-तुगं. त्यांच्या घरच्यांची आमच्या खाडीकडे जमीन होती. माझा बाप मिठागरात मीठ ओढायचा. हे त्यांना ठाऊक. मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, त्यांच्याएवढ्याच इयत्ता शिकवते. तरी तू.

आता खरं सांगते, कारण ते लपवलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. मीसुद्धा हसले. बापाच्या पायाला मिठाने पडलेल्या भेगा माझ्या डोळ्यांनी बघितल्यात मी. आणि त्याच्यावर मारलेल्या टोमण्याला मी दात दाखवले. त्या हसण्याची लाज मला मॅडमच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

मॅडमनी पाठावर लाल रेघ ओढली. वर विषय लिहून दिला आणि खाली मंजुरीची सही केली: थंड हवेच्या ठिकाणची सहल. वर्गात फक्त इंग्रजी.

पेणला परतताना गाडीत सोबतची शिक्षिका म्हणाली, "मनावर नको घेऊ गो. सही झाली ना? बस झालं." मी मान डोलावली. वरून आलेली आज्ञा झेलायची सवय आमच्या हाडात मुरलेली.

सातवीवर तास घेतला. विषय फळ्यावर लिहिला. हमरापूरची एक मुलगी उठली. तिच्या घरी गणपतीचा कारखाना. ती स्वतः शाळा सुटली की मूर्तींना पॉलिश पेपर मारते, बोटं कायम पांढरी.

"मॅडम, मी कंदी गेली नाय तिथं. मंग काय लिहू?"

"इंग्लिशमध्ये विचार," मी म्हणाले. मी. मिठागरवाल्याची पोरगी.

तिला नाही आलं विचारता. खाली बसली. मी वर म्हटलं, "कल्पना करा. क्रिएटिव्ह रायटिंग आहे."

चाळीस वह्या आल्या. एकोणचाळीस वह्यांत गाइडमधली तीच थंड झुळूक, तीच रंगीबेरंगी फुलं, तोच सूर्यास्त. धाटावच्या केमिकल कारखान्यांतून शिफ्ट करून आलेल्या बापांची पोरं, भाताच्या खाचरातली पोरं, सगळी एकाच हॉटेलात उतरलेली. चाळिसावी वही हमरापूरची. मोडक्या इंग्रजीत पाच ओळी. अर्थ असा: आम्ही पोचलो तेव्हा डोंगर कच्चा होता. पांढरा. रंग द्यायचा बाकी होता. डोळे काढले नव्हते. म्हणून त्याला आम्ही दिसत नव्हतो.

मी ते तीनदा वाचलं. आमच्याकडे कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. घरातलं सर्वांत जाणतं माणूस ती करतं, आणि तेव्हा कुणी बोलत नाही. तोवर मूर्ती कच्चीच. या पोरीने न पाहिलेला डोंगर आपल्या कारखान्यात आणून उभा केला होता. मी काही न शिकवता. मी अडवलं असतानाही.

दुसऱ्याच दिवशी मॅडम वह्या तपासायला पेणला आल्या. सातवीच्या वर्गात, पोरांसमोर, नेमकी तीच वही उघडली. वाचली. "डोंगराला रंग? डोंगराला डोळे? कुठे गेली होतीस ग, गणपतीच्या कारखान्यात?"

वर्ग हसला. मी त्या मुलीकडे बघितलं.

तीही हसत होती. अगदी माझ्यासारखी. ओठ ताणलेले, मान खाली, पांढरी बोटं फ्रॉकमध्ये लपवलेली. अकरा-बारा वर्षांची पोर. आपल्याच घरावर हसायला शिकली होती, आणि तिला ते शिकवण्यात माझा हात होता.

माझं डोकं फिरलं.

"वही द्या, मॅडम."

"काय?"

"वही द्या. या वर्गात काल लिहिलेल्यात खरं लेखन तेवढंच आहे. बाकीचं गाइडने लिहिलंय. आणि मला अहो म्हणा. मी इथे शिक्षक आहे."

मॅडमनी वही टेबलावर टाकली आणि निघून गेल्या. मी त्या पाच ओळी फळ्यावर उतरवल्या. फक्त स्पेलिंग-व्याकरणाच्या चुका सुधारल्या, तिला विचारून, एकेक. शब्द एकही बदलला नाही. मग पोरांना सांगितलं, हिला विचारा मूर्ती कशी होते, आपापल्या भाषेत विचारा. तास संपला तरी पोरं गप्प होईनात.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला. "दोन ओळी माफीच्या लिहा, विषय मिटवू. वरच्यांशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? तुम्ही या संस्थेत अजून कायम नाही झालात."

मला घर चालवायचंय. आई माझ्याकडे असते. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. तरी पेन उघडलं आणि लिहिलं.

पुढच्या महिन्याचे माझे सगळे लेखनाचे पाठ मुलं घरच्या भाषेत बोलून सुरू करतील. विषय मुलं ठरवतील. माफी मागण्यासारखं मी एकच केलं, त्या मुलीला गप्प बसवलं, आणि तिची माफी मी वर्गात मागणार आहे. सोमवारी पहिला तास माझा आहे. सही झाली तरी घेणार, नाही झाली तरी घेणार. मला काढायचं असेल तर त्या तासाला या आणि पोरांसमोर कारण सांगून काढा.

खाली पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट.