मामांचं पाणी पास होत नाही

जबलपुरात माणसं पुष्कळ असतील, पण पाण्यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास दुसऱ्या कुणाचा नसेल. रांझीच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी तयार माल तपासण्यात काढली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते पाण्याच्या मागे लागले, असं आम्ही घरातले म्हणायचो. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्यांची डबी त्यांच्या खिशात कायम असते. लग्नाच्या पंगतीत ते आधी ग्लासात पट्टी बुडवतात, मग पाणी पितात. एकदा त्यांनी फुलकीवाल्याच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीवाल्याच्या, मडक्यात पट्टी घातली, तर तिच्यावर डबीवरच्या तक्त्यात नसलेलाच रंग उमटला. "भैया, इमली है," फुलकीवाला शांतपणे म्हणाला. मामांनी फुलक्या खाल्ल्या नाहीतच, मलाही खाऊ दिल्या नाहीत.

पट्ट्या घरात आल्या त्या मागच्या अंगणातल्या हॉट टबबरोबर. मामींच्या गुडघ्यांना शेक मिळावा म्हणून लेकीनं तो हौसेनं बसवून दिला, सोबत पाणी शुद्ध ठेवणारा ओझोनेटर. ओझोन असला तरी थोडं क्लोरीन लागतंच, आणि ते पट्टीवर बरोबर दिसेपर्यंत टबात कुणी उतरायचं नाही, असा मामांनी हुकूम काढला. संध्याकाळी क्लोरीन टाकावं, सकाळी पाहावं तर गायब. मामी रोज टॉवेल घेऊन यायच्या आणि नापास पाण्याकडे बघत, गुडघे चोळत बसायच्या. पंधरा दिवसांनी मेकॅनिक आला. म्हणाला, "अंकल, टब में कोई बैठता ही नहीं. ओझोन को मैल नहीं मिलता, तो वो क्लोरीन ही खा जाता है. टाइमर कम करो." मामांनी ओझोनेटरचे तास कमी केले आणि दुसऱ्या सकाळी पाणी पास झालं. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

मामी टॉवेल घेऊन उठल्या. "थांब ना," मामा म्हणाले, "तू उतरली तर रीडिंग पडते."

"मंग हे काय नुसतं पाहायला ठेवलं का जी?"

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. "काहून हसून राहिले, जावईबुवा? मागच्या वर्षी हिच्या पायाची जखम चिघळली होती. दोन महिने दवाखान्यात काढले आम्ही. खराब पाणी लागलं असेल, असं डॉक्टर म्हणे. तेव्हापासून मला पाण्याचा भरोसाच नाही वाटत."

मी चहाचा कप खाली ठेवला. आजवर केलेल्या चेष्टेची मला मनापासून लाज वाटली.

"जखम कधीची भरली जी," मामी हळूच म्हणाल्या आणि टबाच्या काठाला धरून पाण्यात उतरल्या. मामांनी चष्मा माझ्या हातात दिला, पायजमा वर सरकवला आणि बनियनवरच त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"सरक जराशी," ते म्हणाले. "काही झालंच तर दोघांना होऊ दे."

मामींनी डोळे मिटून घेतले होते. मामा मात्र चष्म्याशिवाय, वाकून वाकून, पाण्यातल्या मामींच्या पायाकडेच बघत होते.