तेता लिडा आणि बकची विजार

होलुबिनच्या मैदानाला कुंपण नव्हतं. गावाच्या बाजूला लाकडी बाकं होती, आणि पलीकडे जिथे गवत संपायचं तिथून थेट कुबिकचा मका सुरू व्हायचा. जूनमध्ये तो गुडघ्याएवढा असायचा आणि ऑगस्टात घोड्यावरचा माणूस झाकेल एवढा. टोलवलेला चेंडू मक्यात गेला की राखणारा गडी त्याच्यामागे आत शिरायचा. मग थोडा वेळ नुसते तुरे हलताना दिसायचे. तेवढ्या वेळात फलंदाजाने चारही बेसांना वळसा घालून माघारी यायचं, असा आमचा बेसबॉलचा खेळ. पुढे मी मोठ्या शहरांतली मैदानं पाहिली, दिव्यांची, लोखंडी खुर्च्यांची. पण चेंडू शोधताना हलणाऱ्या मक्याएवढं देखणं मला तिथे काही दिसलं नाही.

मी फळ्यावर धावांचे आकडे टांगायचो. शिडीवर उभं राहिलं की सगळं मैदान दिसायचं, सगळी माणसं दिसायची, आणि पहिल्या बाकावर, मांडीवर खाऊची वेताची टोपली घेऊन, कॉलरला सुई टोचून बसलेली तेता लिडा दिसायची.

तेता म्हणजे आमच्या चेक बोलीत मावशी. लिडा व्होंद्राचेक गावात कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, म्हणूनच ती सगळ्यांची झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ओढ्याकाठच्या तिच्या घरात माडीवर दोन खोल्या होत्या आणि त्यात संघाचे दोन खेळाडू राहायचे. आमचा संघ गावाचा होता. पगार द्यायची ऐपत नव्हती, म्हणून चेक मुलुखातून अमेरिकेत आलेल्या आमच्या आजोबांनी खेळाडू घरोघर वाटून घेतले होते. जेवण, अंथरूण, धुणं त्या घराने करायचं. आणि त्यांनीच एक नियम घालून दिला होता: खेळाडू ज्या टेबलावर जेवतो, त्या टेबलाच्या बाईने हो म्हटल्याशिवाय त्याला दुसऱ्या गावाला द्यायचा नाही. बाईने बरणीत मक्याचा दाणा टाकायचा. पिवळा टाकला तर जाऊ द्या, लाल टाकला तर राहू द्या. लाल दाण्यापुढे मॅनेजरचं काही चालत नसे.

तेताच्या घरातून कधी काही बाहेर गेलं नव्हतं. अंडी द्यायची थांबलेल्या कोंबड्या तिच्या अंगणात पेन्शनीतल्या मामलेदारांसारख्या फिरायच्या. एक आंधळा घोडा होता, तो कुणाच्याही हाकेला मान हलवायचा. तीन पायांची शेगडी होती, चौथ्या पायाच्या जागी वीट. त्या घरात एकदा आत आलेलं म्हातारं होईपर्यंत तिथेच राहायचं.

त्या वर्षी माडीवर आमचे दोन हिरे राहत होते. एक लॉनी प्रुइट, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, काडीसारखा. दुसरा बक टॉलिव्हर, ओक्लाहोमाचा, आणि त्याच्यासारखा टोलवणारा गडी आमच्या लीगमध्ये दुसरा नव्हता. गेल्या वर्षी त्याने मारलेला चेंडू कुबिकला कापणीच्या वेळी सापडला होता. बक गुणी होता, बोलायला गोड होता, आणि त्याची एकच इच्छा होती: मोठ्या शहराच्या संघाने एकदा तरी आपल्याला बघावं. ते बघणारे लोक सप्टेंबरात यायचे, आणि फक्त वरच्या संघाचे सामने बघायचे. बकचं वय आता असं होतं की या सप्टेंबरात कुणी बघितलं नाही तर पुढच्या वर्षी कुणी विचारलंही नसतं.

आणि आम्ही तर तळाशी होतो. जुलै संपत आला तरी तळाशी. लॉनी चांगला फेकायचा, बक चांगला मारायचा, आणि बाकीचे सगळे चेंडूकडे पाहुणा आल्यासारखं बघत उभे राहायचे.

तेव्हा रॉसबर्गहून निरोप आला. रॉसबर्ग म्हणजे नदीपलीकडचं जर्मन गाव, लीगमध्ये सगळ्यात वर, आणि आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं दुखणं. त्यांना अजिंक्यपदासाठी बक आणि लॉनी दोघेही हवे होते. बदल्यात ते तीन कोवळी पोरं देणार होते, ज्यांची नावंही कुणी ऐकली नव्हती.

गाव उभं चिरलं. आमचा मॅनेजर व्हर्न स्प्रॅग सुताराचं काम करायचा आणि हातातलं काम टाकून कुणाशी बोलायचा नाही. पण त्या आठवड्यात त्याने रंधा खाली ठेवून दारोदार सांगितलं, की दोन खांब सागवानी आहेत म्हणून आपण कुजक्या मांडवाखाली बसलोय; हे दोन खांब दिले तर नव्या मांडवापुरतं लाकूड मिळतंय; दोन वर्षं ऊन खाऊ, तिसऱ्या वर्षी सावलीत बसू. कुबिक खाटीक, ज्याचा तो मका, उलट बाजूला होता. तो मांस तोडता तोडता गिऱ्हाइकांना विचारायचा, रविवारी तुम्ही काय बघायला येता, बकचा टोला की व्हर्नची टोपी? शिवाय द्यायचंच तर रॉसबर्गला? त्यांना तर आपण पाऊससुद्धा उसना देणार नाही.

भांडण जोरात होतं, पण त्यात कुणाला खरी भीती नव्हती. कारण सगळ्यांना माहीत होतं की दाणा तेताचा आहे. जी बाई कोंबडी सोडत नाही ती बक सोडेल? कुबिकने तर सभेआधीच लाल दाण्यांचं एक अख्खं कणीस तिच्या दाराला बांधून ठेवलं.

सभेच्या आधीच्या रविवारी सामना होता. बकने पहिल्याच चेंडूला असा टोला दिला की आवाज ओढ्यापर्यंत गेला. चेंडू मक्याच्या पार आत शिरला. राखणारा आत, तुरे हलतायत, लोक उभे. लंगड्या माणसानेही चार बेस पुरे केले असते. बक पहिल्या बेसला पोचला, दुसऱ्याला पोचला, आणि तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. तोंड लाल, श्वास भात्यासारखा. तो पुढे निघाला तेव्हा चेंडू मक्यातून बाहेर आला होता, आणि तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या गड्याने त्याला जवळजवळ हात धरूनच बाद केलं.

बाकांवर हसू फुटलं. कुबिक म्हणाला, "तेता, हा तुमच्या बदकांसारखा डुलतो, पण त्यांना निदान पंख तरी असतात."

तेता हसली नाही. तिला वाटायचं की बकच्या पायात काहीतरी दुखतंय आणि तो सांगत नाही.

संध्याकाळी मी दूध द्यायला तिच्याकडे गेलो तेव्हा ती खिडकीशी बसून बकची खेळायची विजार उसवत होती. त्या उन्हाळ्यात ती त्या विजारीची कंबर सारखी सैल करत आली होती. दोष ती साबणाला देत होती. दुकानात नवा साबण आलाय, त्याने कापड आटतं, असं तिने अर्ध्या गावाला सांगून दुकानदाराचं साबण विकणं बंद पाडलं होतं. त्या दिवशी तिने शिवण उसवली, आणि आत बोट घातलं, आणि तशीच बसून राहिली. शिवणीत कापडच उरलं नव्हतं. मग तिने दोरीवरची लॉनीची विजार ओढून घेतली. तोच साबण, तेच पाणी, तीच दोरी, आणि विजार होती तेवढीच्या तेवढी.

तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू सगळा उन्हाळा सरकत गेला. बदकं, उकडलेले कणकेचे गोळे, आंबवलेली कोबी, आणि कोलाच, म्हणजे मधे आलुबुखाराचं नाहीतर खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. आमच्यात ताटात तिसऱ्यांदा वाढलं नाही तर ते पाहुण्याला हाकलल्यासारखं होतं, आणि पाहुण्याने नको म्हणणं म्हणजे घरधनिणीच्या तोंडावर थुंकणं. लॉनीही तेच खायचा, पण ते त्याच्या अंगात कुठे जायचं देव जाणे. म्हणून तिला कधी संशयच आला नाही.

तिने बकला खाली बोलावलं. तो आला, दारात उभा राहिला, विजारीकडे बघितलं आणि समजला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" तिने विचारलं.

"मेपासून, तेता."

"आणि बोलला नाहीस."

"तुम्ही वाढत होता." बक मान खाली घालून म्हणाला. "आमच्या घरी सात भावंडं होतो. मला कुणी दुसऱ्यांदा वाढलेलं मला आठवत नाही. तुमच्यासमोर नको म्हणायला माझी जीभच उचलत नाही."

तेता म्हणाली की आजपासून एकदाच वाढीन. बक हो म्हणाला. मी तिथेच होतो, आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी एकाचाही दुसऱ्यावर विश्वास बसला नव्हता. त्याच संध्याकाळी टेबलावर बदक आलं. तिने एकदा वाढलं. मग तिचा हात आपोआप भांड्याकडे गेला आणि त्याचं ताट आपोआप पुढे आलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लॉनी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.

सभा चर्चच्या तळघरात होती. कॉफी उकळत होती, बायकांनी ॲपल-पाय भाजून आणले होते, व्हर्न टोपी हातात फिरवत होता. बरणी मधे ठेवली. तेता उठली. तिच्या हातात कुबिकच्या कणसातलाच दाणा असणार म्हणून कुबिकने आधीच कॉफीचा मग उचलला होता.

बरणीत दाणा पडला, पिवळा.

कुबिकचा मग तसाच हवेत राहिला. व्हर्नला इतकं नवल वाटलं की त्याने बरणी उचलून तळातून बघितली. कुणीतरी म्हणालं, तेता, चष्मा घातला नाही का. तेता म्हणाली, "चष्मा घातलाय. आणि माझी एक अट आहे. बकला रॉसबर्गात मिसेस एंगेल्केच्या घरी ठेवायचं. दुसऱ्या कुठल्या घरी ठेवलं तर मी दाणा परत काढून घेईन."

व्हर्नने बरणी खाली ठेवली. मिल्ड्रेड एंगेल्के आणि तेता जत्रेतल्या लोणच्याच्या बक्षिसावरून बोलेनाशा झाल्याला युग लोटलं होतं. आणि तिचं सूप इतकं पातळ असायचं की रॉसबर्गचे लोकच म्हणायचे, त्यात कोंबडी शिजवत नाहीत, नुसती सावली पाडतात. हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यात आधी कुबिक हसला, आणि मग मान डोलवत त्याने मग खाली ठेवला.

"माझ्या घरी राहिला तर पोरगा सप्टेंबरात दुसऱ्या बेसवरच बसून राहील," तेता म्हणाली. "आणि व्हर्न, तुझी ती तीन पोरं माझ्याकडे पाठव."

दोघे गेले त्या दिवशी ती फाटकापर्यंतही आली नाही. कोंबड्यांना दाणे टाकत पाठमोरी उभी राहिली, आणि लॉनीने हाक मारली तेव्हा आंधळ्या घोड्यानेच मान हलवली. दुसऱ्या दिवशी रॉसबर्गची तीन पोरं आली, नुसती हाडं आणि कान. व्हर्न त्यांच्याबरोबर आला आणि हात जोडून म्हणाला, तेता, एकदाच वाढा. तिने शब्द दिला आणि पाळला. फक्त कोलाच तिने जेवणात धरले नाहीत.

आम्ही हरतच राहिलो. पण हरण्याची चव बदलली. ती पोरं चुकायची ती धावता धावता चुकायची. त्यातला डेल क्रॉस नावाचा उंच पोरगा मक्याच्या कडेला राखायला उभा राहायचा, आणि त्याचा हात बघून कुबिकसुद्धा आता सुरी थांबवून त्याच्याबद्दल बोलायचा.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी रॉसबर्ग आमच्याकडे खेळायला आलं. मागच्या बाकावर एक अनोळखी, राखाडी टोपीचा माणूस बसला होता, आणि तो कुठून आलाय ते कुणाला सांगावं लागलं नाही. बक मैदानात आला तेव्हा आमच्या लोकांनी त्याची रीतसर हुर्यो केली. रॉसबर्गच्या कपड्यातल्या माणसाची हुर्यो आम्ही सख्ख्या भावाचीही केली असती.

बकने टोला दिला. चेंडू उंच गेला, मक्यात पडला. डेल आत शिरला, तुरे हलायला लागले. बक पहिल्या बेसवरून सुटला, दुसऱ्यावर थांबलाच नाही, तिसऱ्याला पाय लागला न लागला आणि तो घराकडे, म्हणजे जिथून निघाला त्या चौथ्या बेसकडे, वळला. त्याच वेळी मक्यातून चेंडू निघाला. डेल अजून आतच होता, दिसत नव्हता. चेंडू मात्र सरळ, खाली, घार यावी तसा आला. बकने अंग झोकून दिलं. चेंडू, धूळ आणि बक एकदमच घरी पोचले. पंचाने हात आडवे पसरले. बक आत होता, केसाच्या अंतराने.

मी आकडा टांगायला विसरलो. आमची माणसं कुणासाठी ओरडत होती, बकच्या पायांसाठी की डेलच्या हातासाठी, ते त्यांनाही कळत नव्हतं. व्हर्न सामना हरत होता आणि मक्याकडे बघून एकटाच हसत होता. राखाडी टोपीच्या माणसाने खिशातून चष्मा काढून पुसला, आणि सामना संपल्यावर तो खाली उतरून आधी बकशी बोलला. खूप वेळ बोलला. पुढच्या वसंतात बक त्या मोठ्या शहराच्या सरावाला गेला. पण ती नंतरची गोष्ट.

त्या दिवशी तो माणूस गेल्यावर बक धुळीने माखलेला पहिल्या बाकापाशी आला. एका हाताने त्याने विजार कमरेशी धरून ठेवली होती.

"तेता," तो म्हणाला, "विजार घसरतेय. धावताना भीती वाटत होती."

तेताने कॉलरची सुई काढली. "पाठ फिरव," ती म्हणाली. कंबरेचं ढिलं कापड चिमटीत धरून तिने ते बोटांनी मोजलं, आणि दातात दोरा धरून शिवायला बसली. टोपली बाकावर उघडी होती. बकने त्यातला एक कोलाच उचलला, तिच्याकडे बघितलं, आणि दुसरा उचलला नाही.